नाव आधी, पाणी मग

माणूस दान करतो ते दुसऱ्यासाठी की स्वतःसाठी, हा प्रश्न तरुणपणी मला फार सोपा वाटत असे. उत्तर माझ्याकडे तयार होतं आणि ते मी छापूनही आणलं होतं. त्या छापलेल्या उत्तराचं पुढे काय झालं ते इथे लिहितो आहे. यात चमत्कार आहे की नाही, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. जे घडलं ते घडलं त्या क्रमाने सांगतो.

निजामाच्या राजवटीतली शेवटची काही वर्षं होती. हैदराबादच्या एका मराठी साप्ताहिकाच्या कचेरीत मी दोन वर्षं बातमी लिहायला शिकलो होतो. डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं, विशेषण टाळायचं, ही तिथली शिस्त. पुढे परभणीला एका खाजगी शाळेत शिक्षक झालो आणि तिथून त्याच साप्ताहिकाला जिल्ह्याचं बातमीपत्र पाठवू लागलो. काय छापता येईल याला फार मर्यादा होत्या. साध्या सभेलाही सरकारची इजाजत लागे. राज्यकारभाराबद्दल एखादी ओळ वाकडी गेली तर संपादकाला जाब द्यावा लागे. त्यामुळे जत्रा, पाऊसपाणी, बाजारभाव आणि गावोगावच्या धनिकांची दानधर्माची कामं एवढंच लिहायला मोकळं उरे. आज मागे वळून पाहताना एक गोष्ट कबूल करावी लागते. ज्यांच्यावर लिहिलं तर तुरुंगाची भीती होती त्यांच्यावर मी लिहिलं नाही. ज्यांच्यावर लिहिलं तर कोणी काही करणार नव्हतं, त्यांच्यावर मात्र मी फार धीटपणे लिहिलं.

वालूर हे माझं गाव. आमचं घर लिंगायत. आई गळ्यात लिंग बांधणारी, रोज ते डाव्या तळहातावर घेऊन पाणी घालून पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोटही न घेणारी. मी परभणीला गेल्यापासून माझी पूजा सुटली होती. लिंग गळ्यात होतं, एवढंच. वालूरच्या पेठेत गुरुलिंगआप्पा नावाचे एक अडत व्यापारी होते. वालूरहून सेलूच्या स्टेशनाकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर, जवळपास निम्म्या अंतरावर, लिंबाच्या झाडाखाली ते दर उन्हाळ्यात पाणपोई घालत. पळाट्यांचं, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचं छप्पर, वाळूत रोवलेले पाच रांजण, पाणी आणायला बैलगाडी आणि पाणी द्यायला एक म्हातारा गडी. त्या वाटेवर दुसरं पाणी नव्हतं. चैत्रानंतर आसपासच्या विहिरी तळाला जात आणि जवळचं गाव आडवाटेने कोसभर आत होतं.

पाणी देण्याची तिथली रीत अशी होती. वाटसरूने वाकून ओंजळ धरायची. गड्याने वरून तांब्या धरायचा. कोणी कोणाला शिवू नये म्हणून ही पद्धत पडलेली असावी. पण तांब्या कलता करण्यापूर्वी गडी थांबे आणि म्हणे, "वालूरच्या गुरुलिंगआप्पाचं पाणी हाय." हे म्हणून झाल्यावरच धार सुटे. मी एका दुपारी दोन तास तिथे बसलो आणि हे पाहिलं. सरपणाची मोळी उतरवून ठेवलेली बाई, लेकरू पायाशी उभं केलेला माणूस, सगळे ओंजळ पुढे करून, मान वर करून, ते वाक्य संपण्याची वाट पाहत होते. मी बातमी पाठवली. तिचा मथळा होता, 'सेवा की मिरवणूक?' त्यात मी लिहिलं होतं की या पाणपोईवर नाव आधी मिळतं आणि पाणी मग. बातमीत एकही अक्षर खोटं नव्हतं. एकही विशेषण नव्हतं. संपादकांनी ती पहिल्या पानावर घेतली.

पंधरा दिवसांनी गावाहून एका स्नेह्याचं पत्र आलं. पेठेत साप्ताहिकाचा तो अंक मोठ्याने वाचला गेला, लोक हसले, आणि आप्पांनी दुसऱ्याच दिवशी पोई बंद करून गडी परत बोलावला, असं त्यात होतं. पत्र वाचून मला बरं वाटलं. लेखणीचा परिणाम झाला असं मी शाळेतल्या एका सहकाऱ्याला म्हणालोही. त्या वाटेने जाणाऱ्यांचं पुढे काय, हा विचार मनात आला नाही. तो का आला नाही, याचं उत्तर मी नंतर पुष्कळ शोधलं. मला वाटतं, तहान हा माझ्या बातमीचा विषयच नव्हता.

वैशाखात आईला हगवण लागल्याचा निरोप आला. मी वालूरला पोचलो तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते आणि बोटांची कातडी सुरकुतली होती. गावातल्या औषधाने गुण नव्हता. परभणीच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. सेलूपर्यंत बैलगाडी, तिथून दुपारची आगगाडी. पहाटे निघताना मी तिला पाणी देऊ लागलो तर तिने हात आडवा केला. रात्रभर कपडे खराब होत होते, त्या अंगाने ती लिंगाला हात लावणार नव्हती, आणि पूजा झाल्याशिवाय पाणी घेणार नव्हती. "जरा पोट थांबू दे," ती म्हणाली. "वाटंत आप्पाची पोई हाय. तिथं हातपाय धुते, पूजा करते, मग पिते." तिला पोई बंद झाल्याचं माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. बरोबर पाण्याचं मोठं मडकं घेतलं होतं, त्यामुळे सांगायची गरज वाटली नाही, अशी माझी त्या वेळी समजूत होती. खरं कारण वेगळं होतं. सांगितलं असतं तर का बंद झाली तेही सांगावं लागलं असतं.

ओढ्याच्या उतारावर चाक दगडावरून घसरलं, गाडी एका अंगाला कलली आणि मडकं फुटलं. गाडीवानाने खाली उतरून खापऱ्या पाहिल्या. वाळूने पाणी तेवढ्यात पिऊन टाकलं होतं. तो म्हणाला, "जाऊ द्या, म्हाराज. म्होरं पोई हाय." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्याला पेठेतलं वाचन आठवलं असावं. त्याने मान फिरवून बैल हाकले.

त्यानंतरचा सुमारे तासभर मी आयुष्यात विसरलो नाही. ऊन चढत होतं. आईचे ओठ एकमेकांना चिकटत होते, आणि दर थोड्या वेळाने ती डोळे न उघडता विचारत होती, "पोई आली का?" मी म्हणत होतो, "आली आता." ज्याने दोन वर्षं पाहिल्याशिवाय काही लिहायचं नाही असं शिक्षण घेतलं, तो मी आईला खोटं सांगत होतो, आणि ते खोटं व्हायला कारणही मीच होतो. कित्येक वर्षांत मी महादेवाचं नाव मनापासून घेतलं नव्हतं. त्या तासात घेतलं. त्यात भक्ती किती होती आणि भीती किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

लिंबाचं झाड दिसलं. छपराच्या पळाट्या वाऱ्याने विस्कटल्या होत्या. पाचपैकी चार रांजण पालथे घातलेले. पाचवा मात्र उभा होता; त्याच्या तोंडावर फुटक्या परातीचा तुकडा होता आणि त्यावर दगड. मी उतरलो, दगड काढला. आत पाणी होतं. निम्म्याच्या वर, थंड आणि निवळ.

मी आईला खाली उतरवून झाडाच्या सावलीत बसवलं. तिचे हातपाय धुतले, तोंड पुसलं. तिच्या बोटांना गाठ सुटेना, म्हणून गळ्यातलं लिंग मीच सोडून तिच्या तळहातावर ठेवलं आणि मीच वरून पाण्याची धार धरली. इतक्या वर्षांनी लिंगावर पाणी घालत होतो. ती ओठ हलवत होती, आवाज येत नव्हता. पूजा संपली, तिने लिंग डोळ्यांना लावलं आणि मग ती प्यायली. घोट घोट करत, थांबत थांबत, पुष्कळ प्यायली. सगळं संपायला वेळ लागला. गाडीवान तेवढा वेळ डोक्यावरचं मुंडासं हातात घेऊन उभा होता.

तेवढ्यात माळाच्या बाजूने एक बाई आली. चाळिशीची असेल. डोक्यावर घागर, घागरीवर कळशी, आणि मागोमाग एक कुत्रं. आम्हाला पाहून ती थांबली नाही, सरळ रांजणापाशी गेली, आत डोकावली आणि म्हणाली, "बरं झालं आणलं. निम्मं बी न्हाई उरलं."

आईने विचारलं, "लेकी, आप्पानं तुला ठिवलं का पान्यावर?"

"मला कोन ठिवतंय, आजी? आमी मेंढरंवाले. पेडगावकडले. पल्याडच्या वावरात मेंढरं बसवलीत मालकानं. आप्पाची पोई तर बंद हाय. कुण्या अखबारवाल्यानं कायबाय लिवलं म्हनं, तवा आप्पा रुसला. समदे रांजन पालथे घातले बघा. मी हा एक सुलटा केला." तिने घागर रिकामी केली. "त्या अखबारवाल्याला इथं हुबा करावा एक दिस, उन्हात. मंग लिव म्हनावं."

आईने माझ्याकडे पाहिलं. दुखण्याने बसलेल्या त्या चेहऱ्यावर किंचित हसू आलं. ती म्हणाली, "हुबाच हाय की, माय. ह्यो काय, माझाच हाय."

बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तोंडाला पदर लावून हसली आणि म्हणाली, "या बया! मंग पानी प्यालात का न्हाई, दादा? का नाव सांगितल्याबिगर पीत न्हाईत तुमी?"

मी ओंजळ धरली. तिने कळशीतून धार सोडली. नाव वगैरे काही नव्हतं.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आईने जन्मभर लिंग बांधणाऱ्याच्याच हातचं पाणी घेतलं होतं. पोई आप्पांची आणि आप्पा लिंगायत, म्हणून ती निःशंक प्यायली होती. आता ते पाणी कोणी भरलं ते तिला कळलं होतं. तिने रिकाम्या घागरीकडे पाहिलं. मग तिने पुन्हा ओंजळ पुढे केली आणि म्हणाली, "घाल, लेकी. अजून तहान हाय." त्या वेळी तिला तहान उरली होती असं मला वाटत नाही.

माझ्या सवयीने मी त्या बाईला विचारलं, की ती इतक्या लांबून पाणी का आणते. तिच्या तोंडून काहीतरी उदात्त ऐकायला मिळेल अशी माझी अपेक्षा होती. मी मनात बातमी लिहायला घेतलीही होती.

ती म्हणाली, "खरं सांगू का? गोड वाटतं. लोकं पानी पेतेत आन म्हनतेत, माय, तुजं भलं हुईल. माजा नवरा जन्मात गोड बोलला न्हाई बघा. इथं दिसातून चार-पाच जन बोलतेत. घडीभर वाटतं, मी बी कुनीतरी हाय." आणि घागर उचलता उचलता म्हणाली, "आज फाटंचं निघनार व्हतो आमी. आडलेली मेंढी हाय एक, ती सुटली न्हाई म्हनून थांबलो, तवा सकाळी कोरडा रांजन पुन्हा भरला. आता व्याली की जातो."

आम्ही सेलूला गाडीच्या वेळेत पोचलो. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आईची नाडी पाहिली आणि विचारलं, की वाटेत पाणी दिलं होतं का. मी हो म्हटलं. ते म्हणाले, कोरडी आणली असती तर माझ्या हातात काही नव्हतं. आठ दिवसांत ती उठून बसली. एक मेंढी अडली म्हणून एक कळप थांबला, कळप थांबला म्हणून एक रांजण भरलेला राहिला. आईच्या मते महादेवच घागर घेऊन आला होता. मी क्रम सांगितला आहे. यापलीकडे मला काही सिद्ध करायचं नाही. पण त्या दिवसापासून माझी सुटलेली पूजा पुन्हा सुरू झाली.

आई घरी परतली तेव्हा उन्हाळा बराच बाकी होता, आणि शाळेला सुट्टी होती. तिने मला एकच सांगितलं, "आप्पाकडं जा." मी गेलो. आप्पा दुकानात गादीवर लोडाला टेकून बसले होते. मी पोई पुन्हा सुरू करण्याची विनंती केली. माझ्याकडे न पाहता ते खतावणीची पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "तुमी आलता तवा गड्याला समदं इचारलं. रांजन किती, पानी कुठून आनता, बैल कुनाचे. माझं दुकान वाटंवरच व्हतं, अखबारवाले. आप्पा हे कामून करतो, एवढं मला इचारायचं व्हतं की."

मी म्हटलं, "आज विचारतो."

"मूल न्हाई मला. बायको गेली. माझ्यामागं माझं नाव घ्यायला कुनी न्हाई. वाटलं, तहानेला मानूस तरी घेईल." ते पुढे म्हणाले, "तुमी लिवलं ते खोटं न्हाई. ते अहंकारच हाय. पन पानी तर खरं व्हतं ना?"

मी पुन्हा तीच विनंती केली. मग त्यांनी अट घातली. पोई उद्यापासून सुरू होईल. पण मृग लागेपर्यंत तिथे मी बसायचं, पाणी मी द्यायचं, आणि नाव मी घ्यायचं. आधीच्याच रीतीने. मी कबूल केलं.

पहिल्या दिवशी ते वाक्य म्हणायची मला लाज वाटली. पहिला वाटसरू एक कासार होता, पाठीवर बांगड्यांचा भार. ओंजळ धरून तो वाट पाहत होता आणि मी तांब्या धरून. शेवटी म्हणालो, "वालूरच्या गुरुलिंगआप्पाचं पाणी आहे." तो म्हणाला, "कुनाचं का असंना, आधी वता, बाबा." दोन-तीन दिवसांत माझ्या लक्षात आलं की ते नाव कोणी ऐकतच नाही. तहानलेल्या माणसाचे कान बंद असतात. त्याची नजर तांब्याच्या काठावर असते. ज्या नावावर मी पहिल्या पानाची बातमी केली होती, ते फक्त दोघांनीच मनावर घेतलं होतं. ज्याचं होतं त्याने, आणि मी.

आणि वरून पाणी घालता घालता आणखी एक दिसलं. वाकलेला माणूस, पुढे केलेले तळहात, त्यावर पडणारी धार. सकाळी मी लिंगावर पाणी घालून येत होतो आणि दिवसभर तेच करत होतो. लिंगावर पाणी घालताना माझं मन कधीच पूर्ण स्वच्छ नसे. त्यात शाळा असे, साप्ताहिक असे, मान-अपमान असे. तरी पाणी लिंगावरच पडे. महादेवाने कधी मन तपासून धार परत केली नाही. मग मी कोण तपासणारा?

मृगाला चार दिवस उरले असताना आप्पा स्वतः गाडीतून आले. उन्हात उतरले, इतरांसारखे वाकले, ओंजळ धरली. मी नेमाप्रमाणे म्हटलं, "वालूरच्या गुरुलिंगआप्पाचं पाणी आहे," आणि मग धार सोडली. पण ते प्यायले नाहीत. बोटांमधून गळू दिलं. मग म्हणाले, "एवढा येळ लागतो व्हय ते म्हनायला? मी उन्हात कदी हुबा ऱ्हायलो न्हाई, मला काय म्हाईत." उपरण्याने हात पुसत ते म्हणाले, "उद्यापसून पानी आधी द्या. नाव मागून घ्या. इसरलात तरी चालंल."

मी साप्ताहिकाला एका ओळीची बातमी पाठवली की वालूर-सेलू वाटेवरील पाणपोई पुन्हा सुरू झाली आहे. कोणाचंही नाव घातलं नाही. अंक आल्यावर आप्पांचा निरोप आला, "एक नाव टाकलं असतं तर काय शाई संपली असती?"

मला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. कारण तोवर त्या वाटेवर पोईला दुसरंच नाव पडलं होतं. लोक तिला अखबारवाल्याची पोई म्हणू लागले होते. आप्पांचं नाव मी दिवसभर घेत होतो आणि लोक माझं घेत होते. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी कोणाला दुरुस्त केलं नाही. मला गोड वाटलं होतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं; इथे लिहितो आहे.

पुढच्या उन्हाळ्यात सुट्टी लागताच मी आपण होऊन त्या लिंबाखाली जाऊन बसलो. एका दुपारी माळाकडून मेंढरं आली, कुत्रं आलं आणि मागून ती बाई. या खेपेला घागर नव्हती. तिने वाकून ओंजळ धरली आणि मिस्कीलपणे विचारलं, "कुनाचं पानी म्हनायचं हे, दादा?"

मी आधी धार सोडली. ती पोटभर प्यायली, कोपरांवरून पाणी ओघळलं. मग मी म्हटलं, "गुरुलिंगआप्पांचं."

"आप्पाचं भलं हुईल," ती म्हणाली, "आन तुमचं बी."

पुन्हा तसंच गोड वाटलं. तो गोडवा मी हटवू गेलो नाही. पूर्वी मी त्याच्याशी झगडलो असतो, नाहीतर त्यावर लिहिलं असतं. आता तो जसा आला तसा, सकाळच्या पाण्यासारखा, महादेवाच्या अंगावर ओतला आणि रिकामा तांब्या पुन्हा रांजणात बुडवला. मेंढरांच्या मागे आणखी एक माणूस ओंजळ करून उभा होता.